स्फोट दिसला, पत्ता कुठला?

पावसाळा चढला की कोल्हापुरात एकच प्रश्न फिरत असतो: राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? कसबा बावड्याच्या या बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजली जाते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पण मुरलेला बावडेकर नुसत्या आकड्यावर जात नाही. सकाळी किती होतं, तासाला किती इंच चढतंय, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडलेत, हे सगळं जुळवून मगच तो जनावरं हलवायची की थांबायचं ते ठरवतो. पात्रात पाणी नेहमीच असतं आणि ते थोडंफार वरखाली होतच असतं. त्या नेहमीच्या चढउतारापलीकडचं काय, एवढंच ओळखायचं असतं.

पृथ्वीपासून ६५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरचं सीझेडटीआय नावाचं उपकरण गॅमा किरणांचा स्फोट असाच ओळखतं. त्याच्यावर सतत काही ना काही आदळत असतं: वैश्विक किरण, आकाशाच्या सगळ्या बाजूंनी येणारी क्ष-किरणांची अंधुक पार्श्वभूमी, पृथ्वीच्या वातावरणावरून परतलेले किरण आणि झालंच तर उपकरणाचा स्वतःचा खोडसाळपणा. दर सेकंदाला किती नोंदी झाल्या याचा आलेख काढला की ती रेघ थोडी वर, थोडी खाली होत पुढे सरकते. मग एखाद्या क्षणी ती एकदम उसळते, काही सेकंद वर राहते आणि ओसरते. शेकडो कोटी प्रकाशवर्षांवर एखादा तारा मेला असेल कदाचित. कदाचित अशासाठी की दोन प्रश्न अजून शिल्लक असतात. हा पूर खरा, की मोजपट्टीच डगमगली? आणि खरा असेल तर आला कुठून?

पंचगंगेच्या बाबतीत दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. पाणी भोगावती, तुळशी, कुंभी, कासारीतूनच येणार. आकाशाला असं पात्र नाही. तिथे पूर कुठल्याही दिशेने येतो, काही सेकंदांत ओसरतो आणि मागे चिखलाची खूणसुद्धा ठेवत नाही. म्हणून गॅमा किरण स्फोटांच्या अभ्यासाचा सगळा इतिहास हा त्यांना पाहण्याचा कमी आणि त्यांचा पत्ता शोधण्याचा जास्त आहे.

हे स्फोट म्हणजे काय ते आधी थोडक्यात. विश्वातल्या सर्वांत प्रखर घटनांपैकी ही एक. दोन सेकंदांहून जास्त टिकणारे लांब स्फोट बहुतेक वेळा सूर्याच्या अनेक पट वजनाचा तारा स्वतःतच कोसळताना होतात. त्याहून छोटे स्फोट बहुधा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी आदळतात तेव्हाचे. दोन्हींत द्रव्याचा एक अरुंद झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकला जातो, आणि त्या झोताचं तोंड आपल्याकडे असेल तरच आपल्याला स्फोट दिसतो. अंतराळातल्या सगळ्या उपग्रहांच्या नोंदी एकत्र केल्या तर असा स्फोट साधारण रोज एक सापडतो. जमिनीवर मात्र हे किरण पोचतच नाहीत. वातावरण त्यांना गिळून टाकतं. त्यामुळे माणसाला त्यांचा पत्ताच नव्हता, आणि लागला तोही खगोलशास्त्रज्ञांमुळे नाही.

१९६३ साली अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी वातावरणात, पाण्याखाली आणि अंतराळात अणुचाचण्या न करण्याचा करार केला. करार झाला तरी एकमेकांवर विश्वास कुणाचाच नव्हता. चोरून बाँब फोडला तर त्यातून निघणारे गॅमा किरण टिपता यावेत म्हणून अमेरिकेने व्हेला नावाचे उपग्रह जोडीजोडीने सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी एक चमक नोंदवली. बाँबच्या चमकेशी तिचा चेहरामोहरा जुळत नव्हता. लॉस अलामॉसच्या रे क्लेबेसाडेल आणि सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षांतल्या अशा १६ नोंदी गोळा केल्या आणि १९७३ साली त्या प्रसिद्ध केल्या. त्यांचा खरा आधार होता तो वेळेचा. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. दोन उपग्रहांमध्ये दोन लाख किलोमीटर अंतर असेल तर एकाला स्फोट आधी दिसतो आणि दुसऱ्याला थोडा उशिरा, फार तर पाऊण सेकंदाच्या आत. हा उशीर नेमका मोजला की स्फोटाची दिशा आणि दोन उपग्रहांना जोडणारी रेषा यांतला कोन मिळतो. कोन मिळाला म्हणजे बिंदू मिळाला असं नाही. आकाशावर एक वर्तुळ मिळतं आणि स्फोट त्या वर्तुळावर कुठेतरी असतो. तिसरा उपग्रह असेल तर दुसरं वर्तुळ, आणि दोन वर्तुळं जिथे छेदतात ते दोन बिंदू. एवढ्यावरून एक गोष्ट नक्की झाली: हे किरण पृथ्वीवरून येत नव्हते आणि सूर्याकडूनही नव्हते. मग कुठून?

पुढची चोवीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. १९९१ ते २००० या काळात काम केलेल्या अमेरिकेच्या कॉम्प्टन वेधशाळेवर आठ कोपऱ्यांत आठ शोधक बसवले होते. कोणत्या कोपऱ्यात जास्त नोंदी आणि कोणत्या कोपऱ्यात कमी, यावरून दिशा काढायची, अशी योजना. या वेधशाळेने २७०४ स्फोट टिपले. ते आकाशगंगेच्या पट्ट्यात गर्दी न करता सगळीकडे सारखे विखुरलेले निघाले. याचा अर्थ काय, यावर १९९५ साली वॉशिंग्टनमध्ये जाहीर वादसभा झाली. बोहदान पाचिन्स्की म्हणाले, हे स्फोट दूरच्या दीर्घिकांतले आहेत. डॉन लॅम्ब म्हणाले, आपल्याच आकाशगंगेच्या बाहेरच्या वेढ्यातले. दोघांकडेही युक्तिवाद भक्कम होते आणि दोघांकडेही एका स्फोटाचासुद्धा नेमका पत्ता नव्हता. मिळत होती ती दिशा कित्येक अंशांनी चुकू शकणारी. तेवढ्या आभाळात हजारो तारे आणि हजारो दीर्घिका. कुणावर बोट ठेवणार?

ही कोंडी फुटण्यात कोल्हापूर जिल्ह्याचा एक माणूस होता. बावड्याचा बंधारा ओलांडून पंचगंगा पूर्वेला जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. तिथून जवळच्या कुरुंदवाडला ४ ऑक्टोबर १९५६ रोजी श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म झाला. वाढले हुबळीत, शिकले दिल्लीच्या आयआयटीत आणि बर्कलीला, आणि नावारूपाला आले ते कॅलिफोर्नियाच्या कॅलटेक या संस्थेत. १९९७ च्या फेब्रुवारीत इटली आणि नेदरलँड्सच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने पहिल्यांदाच एका स्फोटानंतर मागे रेंगाळणारा क्ष-किरणांचा उजेड पाहिला. मूळ चमक काही सेकंदांची, पण झोत भोवतालच्या वायूवर आदळला की हा मागचा उजेड दिवस, आठवडे टिकतो. शिवाय क्ष-किरण गोळा करून त्यांचं चित्र काढता येतं, त्यामुळे पत्ता एकदम नेमका होतो. ८ मे १९९७ रोजी असाच दुसरा स्फोट झाला. बेप्पोसॅक्सने काही तासांत पत्ता दिला आणि कॅलटेकच्या गटाने हवाई बेटांवरची केक दुर्बीण तिकडे वळवली. मार्क मेत्झगर, जॉर्ज जोर्गोव्स्की, कुलकर्णी आणि सहकाऱ्यांना त्या उजेडाच्या वर्णपटात लोह आणि मॅग्नेशियमच्या रेषा लाल रंगाकडे सरकलेल्या दिसल्या. ताम्रसृती ०.८३५, म्हणजे तो प्रकाश निघून सुमारे ७०० कोटी वर्षं झाली होती. वाद संपला, पाचिन्स्की बरोबर होते. त्याच स्फोटाचा रेडिओ उजेड डेल फ्रेल, कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी पकडला. तो आधी लुकलुकत होता आणि काही आठवड्यांनी लुकलुकणं थांबलं. त्यावरून तो गोळा किती मोठा झाला हे कळलं, आणि तो जवळपास प्रकाशाच्या वेगाने फुगतो आहे हेही. २०२४ चा शॉ पुरस्कार कुलकर्णी यांना मिळाला, तेव्हा गॅमा किरण स्फोटांवरचं हे कामही त्यात मोजलं गेलं. आपल्याकडे मात्र त्यांची ओळख अजूनही सुधा मूर्ती यांचे भाऊ अशीच करून दिली जाते. यावर काय बोलावं!

आता पुन्हा ॲस्ट्रोसॅटकडे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ने तो वर नेला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी फक्त ६ अंशांचा कोन करते, त्यामुळे तो बावड्याच्या डोक्यावरून कधीच जात नाही. गणित मांडलं तर असं दिसतं की दर पावणेदोन तासांनी तो इथल्या दक्षिण आकाशातून, म्हणजे बावड्यातून पाहिलं तर कोल्हापूर शहराच्या बाजूने, पश्चिमेकडून पूर्वेला जातो. कधी अगदी क्षितिजाला घासून, तर कधी जास्तीत जास्त २२ अंश उंचीवरून. हातात दुर्बीण घेऊन गच्चीवर जायची घाई मात्र करू नये. साध्या डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही.

त्याच्यावरच्या पाच उपकरणांपैकी सीझेडटीआय, म्हणजे कॅडमियम झिंक टेल्युराइड इमेजर, हे मुख्यतः मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ए. आर. राव यांच्या गटाने घडवलं. त्यात पुण्याची आयुका, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि इस्रोची केंद्रं यांचाही वाटा होता. रोजच्या नोंदी तपासण्याचं केंद्र आयुकात आहे. कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये सुरू केलेली हीच ती संस्था. तिथे दीपंकर भट्टाचार्य यांनी या उपकरणाची चित्र जुळवण्याची बाजू उभी केली.

चित्र जुळवावं लागतं, कारण या ऊर्जेचे किरण भिंगाने किंवा साध्या आरशाने एकत्र आणता येत नाहीत. ते वळत नाहीत. एक तर आरपार जातात, नाही तर शोषले जातात. म्हणून युक्ती सावलीची. टँटलम या जड धातूच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात ठरावीक नमुन्याने भोकं पाडलेली असतात आणि हा पत्रा स्फटिकांच्या वर बसवलेला असतो. खाली कॅडमियम झिंक टेल्युराइडचे ६४ संच, प्रत्येकात २५६ चौकटी, म्हणजे एकूण १६,३८४. एखाद्या ताऱ्याकडून किरण आले की भोकांखालच्या चौकटी उजळतात, धातूखालच्या अंधारात राहतात. तारा जरा बाजूला असेल तर सगळी सावली तेवढीच सरकते. नमुना असा निवडलेला असतो की प्रत्येक दिशेची सावली वेगळी पडावी, आणि मग संगणक सावलीवरून दिशा उलटी शोधून काढतो. या पद्धतीने सीझेडटीआय आकाशाचा जेमतेम साडेचार अंशांचा चौकोन पाहतं. त्या चौकोनात बरोबर वेळेला गॅमा स्फोट व्हायचा म्हणजे लॉटरीच. तेवढ्यासाठी हे उपकरण बांधलेलंही नव्हतं. ते कृष्णविवरं, न्यूट्रॉन तारे अशा कायमच्या क्ष-किरण स्रोतांसाठी होतं.

पण बांधणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. १०० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर गेलं की तो टँटलमचा पत्रा आणि उपकरणाच्या भिंती हळूहळू पारदर्शक व्हायला लागतात. मग समोरून, बाजूने, मागून, कुठूनही आलेला किरण स्फटिकापर्यंत पोचू शकतो. आकाशाचा सुमारे ३० टक्के भाग पृथ्वी झाकते. उरलेल्या सगळ्या आकाशाला हे उपकरण उघडं आहे. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी ते सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी त्याला एक स्फोट सापडला, तोही त्याच्या नजरेच्या रोखापासून कितीतरी बाजूला. त्याचं नाव जीआरबी १५१००६ए. ही नावं पाठ करायला सोपी असतात: वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवशीचा पहिला म्हणून ए. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याने टिपलेल्या स्फोटांचा आकडा सहाशेवर गेला. दुय्यम म्हणून मिळालेलं काम उपकरणाने मुख्य करून टाकलं, असं मला वाटतं.

आणि पत्ता? भिंतीच पारदर्शक झाल्या तर सावली कुठली? इथे आयआयटी मुंबईच्या वरुण भालेराव यांच्या गटाने आणि इतरांनी केलेलं काम मला सगळ्यांत आवडतं. भिंती पारदर्शक होतात, पण पूर्णपणे नाही. ॲस्ट्रोसॅटचं वजन दीड टनाच्या वर. सीझेडटीआयच्या शेजारी लॅक्सपीसी या दुसऱ्या उपकरणाच्या वायूने भरलेल्या मोठमोठ्या पेट्या आहेत, दुसऱ्या दुर्बिणी आहेत, इंधनाची टाकी आहे, पॅनेल आहेत. बाजूने येणारा किरण या सगळ्या पसाऱ्यातून वाट काढत येतो. कुठे अडतो, कुठे विखुरतो, कुठे सुटून जातो. म्हणजे प्रत्येक दिशेने आलेल्या स्फोटाची त्या १६,३८४ चौकटींवर एक वेगळी, पुसट सावली पडतेच. उपग्रह स्वतःच आता मुखवटा झाला. मग या गटाने संगणकात सगळा उपग्रह पुन्हा बांधला, कुठे कोणता धातू आणि किती जाड हे सगळं भरून, आणि वेगवेगळ्या दिशांनी त्याच्यावर खोटे स्फोट सोडून सावल्या काढून ठेवल्या. खरा स्फोट आला की त्याची सावली या सावल्यांशी ताडून पाहायची. मिळणारी दिशा ढोबळ असते आणि प्रखर स्फोटांपुरतीच भरवशाची असते. पण ज्या कामासाठी उपकरण बांधलंच नव्हतं त्या कामात त्याने एवढं सांगावं, हे थोडं नाही.

आधीचा प्रश्न मात्र राहिलाच: पूर खरा की मोजपट्टी डगमगली? वैश्विक किरण उपग्रहाच्या पत्र्यावर आदळला की एकाच क्षणी अनेक चौकटी भडकतात. काही चौकटी कारण नसताना बडबडतात. कक्षेच्या एका भागात भारित कणांचा मारा वाढतो आणि सगळी रेघच वर चढते. ॲस्ट्रोसॅट वरच्या वर स्फोट ओळखून खाली कळवत नाही; तो प्रत्येक नोंद वेळेसकट साठवतो आणि बंगळुरूजवळच्या केंद्रावर उतरवतो. चाळणी नंतर जमिनीवर लागते. उपकरणाचे चार चतुर्थांश आहेत आणि खरा स्फोट चौघांतही एकाच वेळी दिसायला हवा. एकाच चतुर्थांशात दिसला तर बहुधा तो त्याचा खासगी मामला. शिवाय दशांश सेकंद, एक सेकंद आणि दहा सेकंद अशा वेगवेगळ्या मापांनी रेघ तपासतात, कारण छोटा स्फोट मोठ्या मापात बुडून जातो आणि लांब, मंद स्फोट छोट्या मापात कळतच नाही. २०२१ मध्ये सीझेडटीआयच्या गटाने जुन्याच नोंदी नव्या चाळणीतून काढल्या, तेव्हा आधी नजरेतून सुटलेले ८८ स्फोट सापडले. ते सगळे आपल्याच संगणकांत निपचित पडून होते.

प्रत्येक किरणाची नोंद ठेवण्याचा आणखी एक फायदा झाला. काही वेळा किरण एका चौकटीला धडकून शेजारच्या चौकटीत उडतो. अशा जोड्या कोणत्या दिशेला जास्त पडतात यावरून त्या प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजता येतं, आणि झोताच्या आत चुंबकीय क्षेत्र कसं आहे याचा अंदाज येतो. हे करायलासुद्धा स्फोट कुठल्या दिशेने आला हे आधी माहीत असावं लागतं. ऑगस्ट २०१६ च्या एका प्रखर स्फोटात ही ध्रुवीकरणाची दिशा स्फोट चालू असतानाच बदलल्याचं याच उपकरणाच्या नोंदींतून दिसलं. का बदलली, यावर सिद्धांतवाल्यांना अजून काम आहे.

पत्त्याला महत्त्व किती, ते २०१७ साली दोनदा कळलं. ४ जानेवारीला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरं एक झाल्याची गुरुत्वीय लहर टिपली. लहर कुठून आली ते ठिकाण आकाशाच्या भल्यामोठ्या पट्ट्यात कुठेही असू शकत होतं. त्याच पट्ट्यात हवाईच्या ॲटलास दुर्बिणींना एक झपाट्याने विझत जाणारा ठिपका दिसला. दोन कृष्णविवरांच्या मिलनातून उजेड? तसं असतं तर भौतिकशास्त्राची पुस्तकं नव्याने लिहावी लागली असती. सीझेडटीआयच्या गटाने आपल्या नोंदी पाहिल्या. लहरीच्या क्षणी त्या पट्ट्याचा निम्मा भाग ॲस्ट्रोसॅटला दिसत होता आणि तिथे काहीच घडलेलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी, ५ जानेवारीला, एक साधा लांब गॅमा स्फोट नोंदलेला होता. इतर उपग्रहांच्या वेळा आणि पुढची निरीक्षणं जुळवल्यावर स्पष्ट झालं की तो विझता ठिपका या स्फोटाचा मागे राहिलेला उजेड होता. कृष्णविवरांशी त्याचा काही संबंध नव्हता. दोन वेगळ्या घटना एकाच गल्लीत दिसल्या, इतकंच. खळबळजनक बातमी होता होता राहिली, आणि ती थांबवण्यात भारतीय उपकरणाचा हात होता. अशा कामाला टाळ्या कमी मिळतात.

दुसरा प्रसंग १७ ऑगस्टचा. त्या दिवशी दोन न्यूट्रॉन तारे आदळले. आधी गुरुत्वीय लहर आली, मग १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने छोटा गॅमा स्फोट टिपला, आणि काही तासांत दुर्बिणींनी १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत तो प्रत्यक्ष पाहिला. सोनं, प्लॅटिनम यांसारखे जड धातू अशा टकरींत तयार होतात याचा सबळ पुरावा तिथे मिळाला. ॲस्ट्रोसॅटला मात्र काही दिसलं नाही, कारण नेमकी त्या क्षणी मध्ये पृथ्वी आली होती. न दिसण्याचाही उपयोग झाला: ॲस्ट्रोसॅटला जो भाग मोकळा दिसत होता, तो संशयित जागांच्या यादीतून कापता आला. पण शतकातल्या मोठ्या घटनांपैकी एक आपल्या उपग्रहाच्या पाठीमागे घडून गेली, ही चुटपुट कुणाला लागणार नाही?

गॅमा स्फोटांच्या शोधात भारत नवखा नाही. ४ मे १९९४ रोजी सोडलेल्या एसआरओएसएस-सी२ या छोट्या उपग्रहावरही असे स्फोट टिपणारं उपकरण होतं. पण पत्त्याच्या बाबतीत जगाने बरीच मजल मारली आहे. २००४ पासून फिरणारा स्विफ्ट उपग्रह सावलीच्याच युक्तीने स्फोट पकडतो, पण पत्ता उपग्रहावरच्या उपग्रहावर काढतो, एक-दोन मिनिटांत स्वतः तिकडे वळतो आणि आपल्या क्ष-किरण दुर्बिणीने काही विकलांपर्यंत जागा नेमकी करून खाली कळवतो. २०२४ साली फ्रान्स आणि चीनने स्वॉम सोडला, तोही याच घराण्यातला. आपल्याकडे पत्ता मिळाल्यानंतरची फौज आज चांगली आहे: लडाखमध्ये हानले इथली ७० सेंटीमीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण, पुणे जिल्ह्यात गिरवलीची आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आणि नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे तीस अँटेना. अडतं ते पहिल्या पायरीवर. तिथला पत्ता बहुतेक वेळा परक्या उपग्रहाकडून येतो.

यावरचा उपाय कागदावर तयार आहे. त्याचं नाव दक्ष. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने टाटा संस्था, आयुका, अहमदाबादची प्रयोगशाळा आणि बंगळुरूची रामन संशोधन संस्था यांनी तो मांडला आहे. दोन सारखे उपग्रह, पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना. एकाला पृथ्वीने झाकलेलं आकाश दुसऱ्याला दिसेल, म्हणजे १७ ऑगस्टसारखी पाळी येणार नाही. प्रत्येकावर वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले शोधक, म्हणजे कुणाला किती नोंदी मिळाल्या यावरून दिशा तिथल्या तिथे काढता येईल. आणि दोघांच्या नोंदींत जो काही हजारांश सेकंदांचा फरक पडेल, तोही व्हेलाच्या जुन्या पद्धतीने कामाला लागेल. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ इथल्या लायगो-इंडियाला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. गुरुत्वीय लहर ऐकायला एवढा खर्च आपण करणार असू, तर त्याच क्षणीचा उजेड पाहायला स्वतःचे डोळे नसणं हा शहाणपणा नव्हे. पाच वर्षांसाठी बांधलेल्या ॲस्ट्रोसॅटने सप्टेंबर २०२५ मध्ये दहा वर्षं पूर्ण केली. त्याच्या जिवावर आणखी किती काढायची, हा हिशेब दिल्ली आणि बंगळुरूला करावाच लागेल.

तोवर एक काम इथूनही करता येतं. सीझेडटीआयने टिपलेल्या स्फोटांची यादी, प्रत्येकाच्या आलेखासकट, आयुकाच्या संकेतस्थळावर खुली आहे. ॲस्ट्रोसॅटच्या जुन्या नोंदी इस्रोच्या भांडारातून नोंदणी करून कुणालाही उतरवून घेता येतात. बावड्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या किंवा शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्र करणाऱ्या मुलांना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर हा घ्यावा. त्या ८८ स्फोटांसाठी कुणी नवा उपग्रह सोडलेला नव्हता. जुन्या नोंदी होत्या आणि नवी चाळणी होती.